रहस्यकथेतल्या 'क्लू'ला मराठीत काय म्हणाल? धागादोरा, सुगावा की पुरावा?

बोरूवाली

नमस्कार मंडळी.

१९२० ते १९४० या काळातल्या इंग्रजी रहस्यकथांच्या अनुवादासाठी एक शब्दसूची करायला घेतली आहे. घोडं तीन ठिकाणी अडलंय.

पहिला शब्द क्लू. धागादोरा, सुगावा, दुवा, माग, खूण, पुरावा हे सगळेच शब्द आपण वापरतो, पण रहस्यकथेत ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दुसरा अ‍ॅलिबाय. 'अन्यत्र उपस्थिती' हे बरोबर आहे, पण घरातली मोलकरीण असं बोलेल का? तिसरा रेड हेरिंग, शब्दशः तांबडा हेरिंग मासा, म्हणजे चुकीच्या मागावर नेणारी गोष्ट. तिथे पाटी कोरीच आहे.

जाणकारांनी हात सैल सोडून लिहावं. फक्त खुनी कोण हे फोडू नका, फोडायचंच असेल तर आधी इशारा द्या.

सुकाबोंबील

मी पयला!

रेड हेरिंग म्हणजे मीच. सूचीत माझं नाव टाका आणि धागा बंद करा.

तिसरा_पंच

धागादोराच घ्या, डोळे मिटून. इंग्रजी शब्दाच्या पोटातही धागाच आहे. जुन्या इंग्रजीत 'क्लू' म्हणजे सुताचा गुंडा. ग्रीक कथेत थिसियस भूलभुलैयात शिरतो तेव्हा आरिआद्ने त्याच्या हाती सुताचा गुंडा देते, आणि तो उलगडत आत गेल्यामुळे त्याच दोऱ्याने त्याला परतीची वाट सापडते. 'वाट दाखवणारी वस्तू' हा अर्थ त्यातून आला. आपल्याकडे वर्तमानपत्रं 'पोलिसांच्या हाती धागेदोरे लागले' असं रोज छापतात. दोन्ही भाषांत प्रतिमा एकच, आयती जुळलेली. सोडू नका.

माजघर

तिसरा_पंच, व्युत्पत्ती झकास, पण अनुवादात एकच शब्द सगळीकडे चिकटवून चालणार नाही. माझ्या मते वाटणी अशी:

सुगावा 'लागतो', म्हणजे तो तपास करणाऱ्याच्या बाजूचा. आधी काहीच नव्हतं, आता दिशा कळली. धागा पुढे ओढता येतो, एकातून दुसरं निघतं. खूण म्हणजे नुसती वस्तू किंवा डाग, तिचा अर्थ अजून लागलेला नाही. पुरावा शेवटचा, तो कोर्टात टिकतो. गालिच्यावरचा मेणाचा ठिपका ही खूण. रात्री वीज गेलेली नसताना कोणीतरी मेणबत्ती घेऊन फिरलं, हा सुगावा. त्या मजल्यावर मेणबत्ती एकाच खोलीत होती, हा धागा. त्या खोलीतल्या माणसाने 'मी रात्रभर झोपलेलो होतो' असं सही करून सांगितलंय, ते खोटं ठरलं की पुरावा.

सुवर्णयुगातल्या, म्हणजे याच १९२० ते १९४० च्या, कथांची सगळी गंमत पहिल्या पायरीवर आहे. वाचकाला फक्त खूण दाखवायची. अनुवादकाने तिथे 'धागा' लिहिलं की खेळ खलास.

बोरूवाली

माजघर, ही वाटणी जशीच्या तशी सूचीत घेते. अनेक आभार.

चष्मेवाला_काका

शब्दांच्या आधी वाक्याकडे बघा, बोरूवाली. क्लूची हत्या शब्द करत नाहीत, 'च' करतो.

इंग्रजी लेखक क्लू लपवतो कसा? पाच वस्तूंच्या यादीत तिसरा किंवा चौथा. पहिली आणि शेवटची वस्तू वाचकाच्या लक्षात राहते, मधल्या वाहून जातात. त्यावर यादी संपताच कोणीतरी किंकाळी फोडतं, म्हणजे वाचक मागे वळतच नाही. आता मराठीत बघा:

'फडताळावर पाइप, दोन मेणबत्त्या, बंद पडलेलं घड्याळ, फुलदाणी नि काही पत्रं पडली होती.' ठीक.

'फडताळावर पाइप, मेणबत्त्या, फुलदाणी नि पत्रं होती, आणि एक घड्याळही होतं, तेही बंद पडलेलं.' मेलं! मराठीत क्रियापदाच्या लगेच आधीची जागा जोर देण्याची. तिथे क्लू ठेवलात की त्यावर दिवा लावल्यासारखं होतं. 'ही', 'च', 'मात्र', 'चक्क' ही चार अक्षरं-शब्द अनुवादात आपोआप घुसतात, कारण त्यांच्याशिवाय वाक्य आपल्याला रुक्ष वाटतं. हस्तलिखित झालं की क्लूंची वाक्यं तेवढी वेगळी काढा आणि ही चार पाहुणेमंडळी हाकला.

झाकलीमूठ

काकांना दंडवत. वाचनखूण साठवली.

ओसरी

मराठी अनुवादात याहून मोठा खड्डा लिंगाचा. इंग्रजीतला 'मर्डरर' बाई की बुवा हे तीनशे पानं झाकून राहतं. मराठीत निनावी पत्राच्या पहिल्याच ओळीत 'मी त्या रात्री तिथे आले होते' लिहिलं की अर्धे संशयित सुटले.

वाट आहे, आणि ती व्याकरणातच आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद घ्या, ते कर्माप्रमाणे चालतं: 'मी पाहिलं', 'मी दार उघडलं', 'मी खून केला'. बाई की पुरुष, पत्ता लागत नाही. भविष्यकाळ घ्या: 'मी येईन', 'मी सांगेन'. तोही झाकलेला. 'मला ठाऊक आहे', 'माझ्या हातून घडलं' हेही सुरक्षित. धोका वर्तमानकाळात आहे, पाहतो आणि पाहते. तसाच अकर्मक भूतकाळात, गेलो आणि गेले. साक्षीदाराने आवाज ऐकला असेल तर 'कोणीतरी जिन्यावरून उतरलं' असं नपुंसकलिंगी ठेवा. 'उतरला' नको.

मात्र पत्र मुद्दाम झाकून लिहिलंय हे वाचकाला जाणवता कामा नये. सलग दहा वाक्यं सकर्मक आली की तो वास येतो. दोन-तीन वाक्यं 'पैसे तिथे ठेवावेत' अशा विध्यर्थात टाका.

सुकाबोंबील

वास आला की आम्हाला बोलवा.

भाजणी

ओसरी, +१. नात्यांचंही तेच. 'कझिन'ला मराठीत चुलत, मामे, आते, मावस यांपैकी काहीतरी व्हावंच लागतं, वर भाऊ की बहीण तेही सांगावं लागतं. 'अंकल' काका की मामा? जिथे मृत्युपत्रावरून खून होतो, तिथे आईकडचं नातं की वडिलांकडचं हाच क्लू असू शकतो. म्हणून आधी शेवटचं प्रकरण वाचून वंशावळ काढायची, मग पहिलं प्रकरण अनुवादायचं. नातं शेवटपर्यंत झाकायचं असेल तर 'नात्यातला' एवढ्यावर भागवा.

आणि तू-तुम्ही! इंग्रजीत एकच 'यू'. आपली ओळखच नाही असं भासवणारे दोघे एकांतात काय बोलतात, हे इंग्रजी लेखकाला ठरवावं लागत नाही. तुम्हाला लागतं.

किल्लेदार

खोल्यांची नावं सांभाळा. 'ग्रंथालयात मृतदेह सापडला' असं वाचलं की मराठी वाचकाला काउंटर, वर्गणीची पावती आणि 'शांतता राखा'ची पाटी दिसते. इंग्रज बंगल्यातली लायब्ररी म्हणजे घरातली पुस्तकांची खोली. 'स्टडी'ला अभ्यासिका म्हणाल तर प्रेताशेजारी स्पर्धा परीक्षेची चाळीस पोरं बसलेली दिसतील. 'कामाची खोली' पुरे. कन्झर्व्हेटरीला काचघर. बटलरला बटलरच, तो शब्द मराठीत मुरलाय.

झाकलीमूठ

चाळीस साक्षीदार आणि एकानेही मान वर केलेली नाही. परिपूर्ण गुन्हा. 😀

वकिली_बाणा

अ‍ॅलिबायकडे येतो. हा लॅटिन शब्द, अर्थ 'दुसऱ्या ठिकाणी'. म्हणजे शब्दशः आपलं 'अन्यत्र'. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११ खाली उदाहरण होतं: गुन्हा कलकत्त्यात झाला का हा प्रश्न आहे, आणि त्या दिवशी आरोपी लाहोरला होता ही बाब संबद्ध आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम ९ झालं आणि उदाहरणातली गावं चेन्नई आणि लडाख झाली.

एक बारकावा. अ‍ॅलिबाय म्हणजे 'निर्दोष असल्याचा पुरावा' नव्हे. शब्दकोशांतून हा अर्थ घेऊ नका. घटनेच्या वेळी माणूस दुसरीकडे होता, एवढाच दावा. आपल्या कायद्यात तो शाबीत करण्याचा भार दावा करणाऱ्यावर. कथेत वकील बोलत असेल तर 'अन्यत्र असल्याचा बचाव', इन्स्पेक्टर विचारत असेल तर 'त्या वेळी तुम्ही कुठे होतात?', आणि मोलकरीण असेल तर 'मी तिथं नव्हतेच मुळी'. एका इंग्रजी शब्दाला तीन मराठी वाक्यं, त्यात कमीपणा नाही.

रच्याकने (बाय द वे), इंग्लंडच्या खेड्यातल्या खुनाला पंचनामा करू नका. तिथे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, आणि त्याची ज्यूरी असते. कॉरोनर शब्दाला घाबरायचं कारण नाही, मुंबईत हे पद १९९९ पर्यंत होतं.

तिसरा_पंच

माझं नाव पंच असूनही पंचनाम्यावर बंदी? निषेध.

रूळकरी

अ‍ॅलिबायचा विषय निघालाय तर वेळापत्रकावर बोलूच. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हा लेखक मूळचा रेल्वे इंजिनिअर, त्यामुळे त्याच्या कथांत गाड्यांच्या वेळांवर अख्खं कुभांड उभं असतं. पण या जातीचा कळस जपानमध्ये. सेइचो मात्सुमोतोच्या १९५८ च्या कादंबरीत टोकियो स्थानकावर १३ क्रमांकाच्या फलाटावरून १५ क्रमांकाचा फलाट मधे गाडी उभी नसताना दिसतो, तो दिवसात फक्त ४ मिनिटं. त्या ४ मिनिटांत कोणाला काय दिसलं, यावर सगळं तरतं.

अनुवादकासाठी सूचना एकच: आकडे बदलू नका. '५.५७'चं 'सहाच्या सुमारास' केलंत की लेखकाने आठ महिने रचलेला मनोरा कोसळतो. आणि 'हाफ पास्ट'चं 'साडे' करताना 'साडेबारा'ला दिवस की रात्र ते तपासा.

सुतारपक्षी

बंद खोलीवर कोणीच बोललं नाही? १८४१ मध्ये अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो याने पहिली गुन्हाउकल कथा लिहिली तीच बंद खोलीची, आणि १९३५ मध्ये जॉन डिक्सन कार याने कादंबरीत एक अख्खं प्रकरण बंद खोलीच्या प्रकारांवर व्याख्यान म्हणून घातलं. 'बंद खोलीतला खून' हा शब्द रुळलेला आहे, बदलू नका. चूक होते ती कुलपांच्या नावांत.

'लॅच', 'बोल्ट', 'बार' या सगळ्यांना 'कडी' लिहिलं जातं. मग युक्ती चालतच नाही. आडवा लाकडी दांडा भिंतीतल्या भोकात सरकतो तो अडसर. तो दोऱ्याने बाहेरून सरकवणं जवळपास अशक्य, वजन आणि घर्षण दोन्ही जास्त. जुन्या दाराची साखळीची कडी फळीला खाली लोंबते आणि चौकटीतल्या कोयंड्यावर वर उचलून अडकवावी लागते, म्हणजे गुरुत्वाकर्षण खुन्याच्या विरोधात. बर्फाची प्रसिद्ध युक्ती फक्त वरून खाली पडणाऱ्या वस्तूवर चालते. त्यातल्या त्यात खिट्टी, एका स्क्रूवर फिरणारा लाकडाचा तुकडा. ती उभी धरून खाली बर्फाचा आधार दिला तर बर्फ वितळल्यावर पडेल. पण स्क्रू अगदी मधोमध असेल तर दोन्ही बाजूंचं वजन सारखं, खिट्टी हलणारच नाही. एका बाजूला जड हवी. शिवाय आडवी झाली की तिथेच थांबायला खाली खिळा हवा, नाहीतर झोका खाऊन सरळ खाली लोंबेल आणि दार उघडंच. स्क्रू घट्ट असेल किंवा पावसाळ्यात लाकूड फुगलं असेल तर सगळंच मुसळ केरात.

आणि पाणी! ट्रेमधला बर्फाचा एक खडा म्हणजे साधारण दोन मोठे चमचे पाणी. कोकणातल्या श्रावणात ते सकाळपर्यंत सुकत नाही.

किल्लेदार

सुतारपक्षी, तुमच्या घराचं दार कसं आहे हो? सहज विचारतोय.

खलबत्ता

विषांची नावं मी देते. इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि अनुवादक उगाच 'आर्सेनिक', 'स्ट्रिक्नीन' लिहीत बसतात. पांढरं आर्सेनिक म्हणजे सोमल. अ‍ॅकोनाइट म्हणजे बचनाग. स्ट्रिक्नीन ज्या बियांत असतं तो काजरा किंवा कुचला. पण सावध: कुचला ही बी, स्ट्रिक्नीन हा तिच्यातून काढलेला शुद्ध पदार्थ. डॉक्टर पात्र प्रयोगशाळेत बोलत असेल तर स्ट्रिक्नीनच ठेवा. स्वयंपाकीण कुजबुजत असेल तर कुचला.

सोमल एवढा लाडका का होता? चव जवळजवळ नाही, आणि लक्षणं उलट्या-जुलाबांची, म्हणजे पटकीच्या दिवसांत कोणी संशय घेत नसे. १८३६ मध्ये जेम्स मार्शने चाचणी काढली आणि चित्र पालटलं. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचं, निघणारा वायू पेटवायचा आणि ज्योतीवर गार चिनीमातीची बशी धरायची. सोमल असेल तर बशीवर काळा, आरशासारखा चकाकणारा डाग बसतो. दोन ठिकाणी घोळ होई. अँटिमनीचाही तसाच डाग पडतो, म्हणून डागावर सोडियम हायपोक्लोराइट टाकून बघत: सोमलाचा विरघळतो, अँटिमनीचा राहतो. दुसरं, जस्तातच सोमलाचा अंश असे. म्हणून आधी नमुन्याशिवाय नुसतं जस्त आणि आम्ल चालवून बशी कोरी राहते ना, ते पाहावं लागे. ज्या कथेत ही कोरी चाचणी आहे, त्या लेखकाने अभ्यास केलाय असं समजा.

१८५१ च्या ब्रिटिश कायद्याने विक्रेत्याला नोंदवही ठेवावी लागली आणि किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळणं सक्तीचं झालं. त्यामुळे त्यानंतरच्या काळातल्या कथेत दुकानातून आणलेली पांढरीशुभ्र पूड दिसली की विचारायचं, ही आली कुठून?

पोथीवाला

खलबत्ता, सुरेख. थोडं अवांतर: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात 'आशुमृतकपरीक्षा' असं प्रकरणच आहे. आशुमृतक म्हणजे अचानक मेलेला. प्रेताला तेल लावून तपासायचं, गळा दाबला, फास दिला की विष दिलं याच्या खुणा वेगवेगळ्या सांगितल्यात. हृदय अग्नीत टाकल्यावर चटचट आवाज झाला किंवा इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर विष समजावं, असंही आहे. मार्शच्या बशीपुढे ते टिकणार नाही, पण आग आणि रंग दोन्हीकडे आहेत, हे गमतीचं.

खोडरबर

सगळे ज्ञान पाजळताहेत, पण मुळात मराठीत 'डिटेक्टिव्ह'लाच धड शब्द नाही. गुप्तहेर म्हणजे स्पाय. पाइप ओढत आरामखुर्चीत बसणारा माणूस हेर कसा? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, झुंजार, काळा पहाड घराघरांत पोचले, पण त्या धाडसकथा. आपल्याकडे 'रहस्यकथा' या एका पोत्यात भूत, हेर, दरोडा, खून सगळं कोंबलंय. शब्द कुठून येणार?

माजघर

खोडरबर, तक्रार निम्मी मान्य. पण हेरणे म्हणजे नेमकं टिपणे, तो अर्थ जिवंत आहे, 'त्याने बरोब्बर हेरलं'. आणि इंग्रजीकडेही शब्द आयता नव्हता. लंडन पोलिसांची डिटेक्टिव्ह शाखा १८४२ ची, पोचा नायक त्याच्या आदल्या वर्षीचा. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या ब्योमकेशला 'डिटेक्टिव्ह' म्हटलेलं आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. मराठीत 'सत्यशोधक' म्हणायची सोय नाही, तो शब्द १८७३ पासून फार मोठ्या कामात गुंतलाय. डिटेक्टिव्हच ठेवा.

झाकलीमूठ

रहस्यकथा लिहिण्याच्या नियमांबद्दल कोणीतरी लिहा ना. पाद्री नॉक्सचे दहा.

चष्मेवाला_काका

रोनाल्ड नॉक्स, १९२९. एकाहून जास्त गुप्त खोली नको, अज्ञात विष नको, योगायोगाने डिटेक्टिव्हला मदत नको, जुळे भाऊ आधी कल्पना दिल्याशिवाय नकोत, वगैरे. पाचवा नियम 'कथेत चिनी माणूस नको' हा वंशद्वेष समजून लोक गाळतात. तो त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांतल्या ठोकळेबाज चिनी खलनायकाला मारलेला टोला होता. टीप देऊन ठेवा, गाळू नका. सूचीसाठी महत्त्वाचा आठवा: डिटेक्टिव्हला सापडलेला क्लू वाचकालाही लगेच दाखवला पाहिजे. याला 'फेअर प्ले' म्हणतात. 'न्याय्य खेळ' अजिबात नको, पत्त्यांच्या भाषेत 'उघडा डाव' म्हणा.

नॉक्सच्या आधी ३ वर्षं, १९२६ मध्ये, एका कादंबरीवरून मोठं भांडण झालं होतं, कारण तिच्यात [मजकूर संपादित: रहस्यभेद होत आहे. संपादक मंडळ]

सुकाबोंबील

संपादक मंडळाने खून केला. मी पाहिलं. (बघा, लिंग कळलं का?)

ओसरी

'सुकाबोंबील' हे पुल्लिंगी आहे, पकडले गेलात.

भाजणी

इशारा: रहस्यभेद. लिपीचा क्लू असेल तर काय करावं? १९३४ च्या आगगाडीतल्या कादंबरीत रुमालावर रोमन 'एच' असतो. सगळे त्या अक्षराने सुरू होणारी नावं शोधतात, पण रशियन लिपीत तीच आकृती 'न' असते. देवनागरीत रुमालावर 'ह' लिहिलं तर कोडंच मेलं. इथे आकृतीचं वर्णन हवं: दोन उभे खांब, मधे आडवी पट्टी, इंग्रजी 'एच'. आकृती वाचकाच्या डोळ्यांपुढे राहिली पाहिजे, उच्चार नाही.

बोरूवाली

बाप रे, सूचीचं पुस्तक होणार. सगळ्यांचे आभार. पण रेड हेरिंग अजून लटकलंय. बोंबीलराव सोडून कोणी गंभीरपणे सांगाल का?

तिसरा_पंच

हेरिंग चंदेरी मासा. मीठ लावून दीर्घकाळ धुरावला की तांबूस-तपकिरी होतो आणि घमघमतो. तो ओढत नेऊन शिकारी कुत्र्यांना चुकीच्या मागावर नेत, ही गोष्ट १८०७ मध्ये विल्यम कॉबेट या पत्रकाराने लिहिली, नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीमागे धावलेल्या वर्तमानपत्रांना टोमणा म्हणून. शिकारीत तशी खरी पद्धत होती याला आधार सापडत नाही. म्हणजे रेड हेरिंगची जन्मकथाच रेड हेरिंग.

मराठीत चकवा. रानात चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो.

खोडरबर

चकवा नाही पटत. हूल म्हणा. हूल देऊन दुसरीकडे पळवणं, अगदी तेच.

माजघर

दोन्ही ठेवा, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इंग्रजी त्यांना एकाच माशात गुंडाळते. खुन्याने दुसऱ्याचा रुमाल प्रेताजवळ टाकला, ती हूल. ती कथेच्या आत आहे, पोलिसांसाठी. आणि खुन्याशी काही संबंध नसलेला पुतण्या रात्री बागेत भटकताना लेखकाने दाखवला, कारण तो चोरून प्रेयसीला भेटतोय, तो चकवा. तो वाचकासाठी. हूल उघडी पडली की खुन्यापर्यंत धागा जातो, कारण ती कोणीतरी दिलेली असते. चकवा उघडा पडला की हाती फक्त लग्नाची पत्रिका येते.

खोडरबर

हे पटलं. (नोंद घ्यावी, मी सहसा असं लिहीत नाही.)

बोरूवाली

माजघर, हूल आणि चकवा दोन वेगळ्या नोंदी करते. म्हणजे आता मूळ पुस्तकात प्रत्येक ठिकाणी हा मासा कोणी टाकलाय ते आधी ठरवावं लागणार. परत पहिल्या पानापासून.

सुकाबोंबील

मी वाळत घातलेलाच आहे. लागलं तर हाक मारा.